चित्रप्रक्षेपणाच्या दारांतील गर्दी

शाळेच्या स्नेहसंमेलनाचें किंवा नाताळच्या कार्यक्रमाचें चित्र घरबसल्या मोबाइलवर दिसावें, अशी पालकांची अपेक्षा असते, व ती वाजवीही आहे. समुद्रपूर सोडून कामानिमित्त नागपूर-पुण्यास राहिलेल्या बापास मुलाचें नाटक पाहण्याचा दुसरा मार्ग नसतो. परंतु गर्दी वाढली, कीं आधीं आलेल्यांस चित्र नीट दिसतें आणि मागून येणारांस कोरा पडदा! बेथलेहेमच्या उतारशाळेसारखीच ही गत. हें कां घडतें, याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्र पाठविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. पाहणारा प्रत्येक मोबाइल त्याच्याशीं एक जोडणी करितो. या व्यवहारास दोन निरनिराळ्या मर्यादा असतात, व त्यांची गल्लत केल्यानें पुष्कळ श्रम वायां जातात. आपल्या तालुक्यांतील जामवरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग सर्वांनीं पाहिला आहे. टोलनाक्याच्या खिडक्या थोड्या असल्या, तर रस्ता कितीही रुंद असो, गाड्या तुंबतातच. उलट खिडक्या पुष्कळ, पण पुढें रस्ता अरुंद, तर सर्वच गाड्या रखडतात. खिडक्या म्हणजे जोडण्यांची संख्या. रस्ता म्हणजे इंटरनेटची वहनशक्ति.

म्हणून प्रथम लक्षण पाहावें. सर्वांचेंच चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा रस्त्याचा. एका प्रेक्षकास सेकंदास २ मेगाबिट लागतात असें धरिलें, व बाहेर पाठविण्याची गति १०० मेगाबिट असली, तर हिशेब सरळ आहे : ५० प्रेक्षक. येथें खिडक्या वाढवून कांहींएक उपयोग नाहीं. चित्राचा दर्जा उतरवून १ मेगाबिट केला, तर १०० जणांची सोय होते.

मात्र आंतल्यांचें चित्र निर्वेध चालू असून नवागतांसच नकार मिळत असेल, तर दोष खिडक्यांचा. आइसकास्ट नामक प्रक्षेपण-आज्ञावलीच्या नमुना-मांडणींत १०० जोडण्यांचीच मर्यादा लिहिलेली असते. शिवाय लिनक्स प्रणालीवर प्रत्येक जोडणी ही एक उघडी फाइल समजली जाते, आणि चालत्या आज्ञावलीस अशा फाइली सामान्यतः १०२४ च ठेवितां येतात. दोन्ही आंकडे वाढवितां येतात. पण एक वाढवून दुसरा विसरल्यास दार कांहीं वेळानें पुनः बंद होतें. सर्व्हरच्या नोंदवहींत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असे शब्द आढळले, तर दुसरी मर्यादा संपली असें समजावें. तर्क करीत बसण्यापेक्षां ही नोंदवही वाचणें केव्हांही बरें.

आणखी एक कारण मोठें लबाड आहे. खेड्यांत मोबाइलचा संपर्क वारंवार तुटतो. आजोबा पुनः जोडणी करितात. परंतु सर्व्हर त्यांची जुनी जागाही कांहीं काळ भरलेलीच समजतो. अशा रीतीनें एकटे आजोबा तीन जागा अडवितात, आणि त्यांस त्याचा पत्ताही नसतो! मृत जोडणीची वाट पाहण्याची मुदत कमी करणें, हा यावर उपाय. तसेंच एका पत्त्यावरून अमुकच जोडण्या घ्याव्या, असा नियम कित्येक व्यवस्थापक घालतात. वसतिगृहांतील ४० मुलें एकाच वायफायवर असलीं, तर सर्व्हरला तीं सर्व एकाच पत्त्यावरचीं दिसतात. मोबाइल कंपन्याही एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. म्हणून हा नियम फार घट्ट नसावा.

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ चंद्रावर उतरलें, तेव्हां इस्रोच्या यूट्यूब-वाहिनीवर एकाच वेळीं ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. हें एका संगणकाचें काम नव्हे. तेथें चित्राचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडून त्यांच्या प्रती ठिकठिकाणच्या संगणकांवर ठेवितात, व तेथून त्या प्रेक्षकांस पुरवितात. प्रेक्षक फार अपेक्षित असतील, तर शाळेनें एकच प्रवाह अशा सेवेकडे धाडावा, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. मग शाळेच्या रस्त्यावर केवळ त्या एका प्रवाहाचेंच ओझें पडतें. स्वतःचाच सर्व्हर चालवावयाचा असेल, तर आदल्या दिवशीं वरच्या इयत्तांतील मुलांनीं आपापल्या घरून एकाच वेळीं जोडणी करून पाहावी, आणि कितव्या मुलास नकार मिळाला तो आंकडा टिपून ठेवावा.