माऊसपॅड : आधी कापड पारखा

संगणकावर खेळणारी पोरे माऊसपॅड चोखंदळपणे घेतात. वस्तू किरकोळ दिसते. पण वर पॉलिएस्टरचे विणलेले कापड आणि खाली रबराचा थर, एवढाच तिचा संसार. तेव्हा कापडवाल्यांना तिची पारख जमायला हवी.

मी जोडधंदा म्हणून पहिला माल नुसती छपाई पाहून उचलला. कडा शिवलेल्या नव्हत्या. दोन महिन्यांत मनगटाच्या घासण्याने कापड रबरापासून सुटू लागले. गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, तोटा सोसला.

आता चार गोष्टी पाहतो. पहिली माप. नेमबाजीच्या खेळात बरेच खेळाडू माऊसचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे हात लांबवर फिरतो. त्यांना साधारण ४५ बाय ४० सेंटिमीटरचा पॅड सोयीचा. दुसरी वीण. गुळगुळीत कापडावर माऊस झपकन सरकतो. खरबरीत विणीवर तो हव्या जागी थांबवणे सोपे जाते. म्हणून खेळ कोणता, हे विचारूनच माल दाखवावा. तिसरी कड. टाके दाट हवेत, पण कापडाच्या वर उठलेले नकोत; मनगटाला टोचतात. चौथी तळ. टेबलावर ठेवून बोटांनी ढकलावे. घसरला तर घेऊ नये.

घाम आणि धुळीने कापडावर माऊस अडखळतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवून सावलीत सपाट वाळवावा, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. खरे सांगून विकले की तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते.