लेण्यातल्या नोंदीपासून प्रबंधाच्या तळटिपेपर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यातलं दहा क्रमांकाचं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दान दिलेलं. त्याच्या ओसरीतल्या एका लेखात व्यवहाराचा चोख हिशेब आहे. भिक्षूंच्या चिवरासाठी आणि इतर गरजांसाठी तीन हजार कार्षापण नाण्यांची कायमची ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे पाऊण दराने. मुद्दल मोडायचं नाही, व्याज वापरायचं. एवढं सांगून लेख थांबत नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही तो सांगतो. म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर वाचकाला आणखी एका नोंदीकडे पाठवतो: खात्री करायची असेल तर तिथे पाहा. तो फलक आज उरलेला नाही, पण संदर्भ देण्याची गरज तेव्हाच्या लेखकाला कळली होती.

तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आज्ञा आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला ती उद्देशून आहे आणि आधी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत भिक्षूंना देते. शेवटी तोंडी हुकूम अमात्य शिवगुप्ताने दिला, तो कोणी जपून ठेवला आणि तापस नावाच्या माणसाने काम पुरं केलं, अशी नोंद येते. राजाच्या आज्ञेत हाताखालच्या माणसाचं नाव राहिलं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मला हेच शोधायची सवय लागली आहे. काम कोणी कोणी केलं, आणि त्यातल्या कोणाकोणाचं नाव उरलं?

हेच लेख आधुनिक काळात कसे वाचले गेले, त्याचा इतिहास म्हणजे संदर्भ देण्याच्या शिस्तीचा नाशिकमधला सर्वांत चांगला धडा. लेफ्टनंट ब्रेट यांच्या नकलांवरून जॉन स्टीव्हन्सन यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वाचन प्रसिद्ध केलं. पुढे वेस्ट बंधूंनी नव्या नकला केल्या. 1874 मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नाशिकच्या लेखांवर निबंध लिहिला. 1883 मध्ये ब्यूलर यांचं वाचन पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालात आणि भगवानलाल इंद्रजींचं नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आलं. शेवटी एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात सगळे लेख पुन्हा संपादित केले. त्यांच्या टिपांत आधीच्यांची वाचनं येतात, कुठे कोणाचं मान्य आहे आणि कुठे नाही तेही येतं. अक्षर झिजलं असेल तिथे वाचक चार जणांची मतं शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो. संदर्भाचं खरं काम हेच आहे. ज्या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही, त्यालाही मूळ जागेपर्यंत जाता आलं पाहिजे. वासुदेव विष्णु मिराशींनी सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे अभिलेख मराठीत आणले तेव्हा ही परंपरा सांभाळली. मराठीत पक्की संदर्भशिस्त बसत नाही असं म्हणणाऱ्याच्या हातात तो ग्रंथ द्यावा.

भगवानलालांपाशी मात्र जरा थांबलं पाहिजे. जुनागढचा हा माणूस 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला आणि भाऊंच्या 1874 मधल्या मृत्यूपर्यंत त्यांच्यासाठी काम करत राहिला. लेणी चढायची, शिलालेखांचे ठसे घ्यायचे, उन्हापावसात अक्षरं लावायची, हे काम त्याचं; सोसायटीपुढे निबंध वाचले जायचे ते भाऊ दाजींच्या नावाने. भाऊंच्या विद्वत्तेविषयी शंका नाही, आणि पैसे देऊन माणूस कामाला ठेवण्याची तेव्हाची रीतही समजते. तरी कोणतं वाचन कोणाचं, हे आज नेमकं सांगणं अवघड झालं आहे. ही अभ्यासाची हानी आहे. एका माणसावरच्या अन्यायाइतकीच ती मला लागते. भाऊंच्या पश्चात भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. इंग्रजी लिखाणाला ब्यूलर आणि गॅझेटियरचे संपादक कॅम्पबेल यांची मदत असे. तरीही नाशिक गॅझेटियरमधलं पांडवलेण्यांचं प्रकरण त्यांच्या नावावर नोंदलं गेलं आणि पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ते 1888 मध्ये वारले. त्यांची गुजरातच्या प्राचीन इतिहासाची टिपणं अपुरी होती. मुंबई गॅझेटियरसाठी ती पुरी करणाऱ्यांत ए. एम. टी. जॅक्सन होते, आणि मूळ सामग्री भगवानलालांची हे तिथे स्पष्ट छापलं आहे.

हेच जॅक्सन पुढे नाशिकचे कलेक्टर झाले. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे नाशिकच्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. त्यांच्यामागे लोकसमजुतींच्या टिपणांचा मोठा साठा राहिला. तो एन्थोव्हेन यांनी लावून गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत प्रसिद्ध केला, जॅक्सन यांचा उल्लेख मुखपृष्ठावर ठेवून. कोकणच्या भागातल्या तळटिपा आवर्जून पाहाव्यात. पानामागून पान तळाशी येतं: शाळामास्तर, अमुक गाव. गावात हिंडून भुताखेतांच्या, पावसाच्या, देवरहाटीच्या समजुती लिहून पाठवणारे ते मास्तर. गाव नोंदलं आहे, म्हणून माहिती कुठली ते कळतं. मास्तरांचं नाव तेवढं नाही. संदर्भ म्हणून ती टीप पुरेशी, श्रेय म्हणून अपुरी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या टिपांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आता आजचं. नाशिकमध्ये दोन राज्यव्यापी विद्यापीठं आहेत, 1989 चं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि 1998 चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. वैद्यकीय लेखनात व्हँकुव्हर पद्धत रूढ आहे: मजकुरात आकडा, शेवटी त्याच क्रमाने यादी. तिचं मूळ वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या 1978 मधल्या व्हँकुव्हरच्या बैठकीत आहे. इतिहासात तळटीप, समाजशास्त्रात कंसात आडनाव आणि वर्ष. पद्धत कोणतीही घ्या, ती शेवटपर्यंत एकच ठेवली की झालं. स्वल्पविरामावरून विद्यार्थ्यांना छळण्यात अर्थ नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला टक्क्यांच्या पायऱ्या दिल्या. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं. साठपर्यंत असेल तर वर्षभर थांबायचं. त्यापुढे नोंदणी रद्द. त्यामुळे प्रबंध लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात ‘माझं किती टक्के आलं’ हा प्रश्न आला आणि ‘हे मी कुठून घेतलं’ हा मागे पडला. यंत्र शब्द जुळवतं. कल्पना उचलून शब्द बदलले तर ते गप्प बसतं. मराठीत तर आणखी पंचाईत. आपली कितीतरी पुस्तकं आणि जुने अंक फक्त छापील आहेत, अनेक संगणकीय मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहेत. यंत्राच्या साठ्यात जे नाही ते त्याला चोरलेलं दिसणार तरी कसं? मराठी प्रबंधाची राखण शेवटी वाचन असलेल्या मार्गदर्शकालाच करावी लागते.

मला सर्वांत सर्रास दिसणारा दोष उघड चोरीचा नाहीच. मिराशी वाचायचे आणि यादीत सेनार लिहायचे, हा तो दोष. मधल्या पुस्तकात पृष्ठाचा आकडा चुकला असेल तर तो तसाच पुढे पाच प्रबंधांत जातो. सरळ मार्ग सोपा आहे: सेनार यांचं मत मिराशींच्या अमुक पानावरून घेतलं, असं लिहावं. त्यात कमीपणा काही नाही. अलीकडे संगणकाला विचारून यादी करून घेण्याची सवय लागली आहे. तो लेखक, वर्ष, खंड, पृष्ठ अशा थाटात कधीही न लिहिलेला लेख समोर ठेवतो. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद यादीत घालायची नाही, हा जुना नियम आता दुप्पट कडक केला पाहिजे.

मराठी साधनांची नोंद करताना काही अडचणी आपल्याच आहेत. जुन्या पुस्तकावर शक असतो. त्यात 78 मिळवले तरी वर्षाअखेरच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो, म्हणून छापलेला शक आधी आणि इसवी सन नंतर द्यावा. पुनर्मुद्रण हातात असेल तर पहिल्या आवृत्तीचं सालही द्यावं, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीचं मत कालचं वाटतं. दिवाळी अंकाला वर्ष पुरतं, पण पृष्ठक्रमांक हवाच. शंका आली तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. 1800 ते 1937 या काळातल्या पुस्तकांच्या नोंदी तिच्या पहिल्या खंडात आहेत. आणि नाशिककरांना 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय हाताशी आहे.

राहिला प्रश्न सांगणाऱ्यांचा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागांत वारली, कोकणा, महादेव कोळी लोकांच्या औषधी वनस्पतींवर, बोहाडा या सोंगांच्या उत्सवावर, गाण्यांवर प्रबंध होतात. ग्रंथसूची लांबलचक असते आणि शेवटी ‘स्थानिक ग्रामस्थ’ अशी एक ओळ. वनस्पती ओळखणाऱ्या आजीला विचारावं की तुमचं नाव छापू का. हो म्हणाली तर नाव, गाव आणि भेटीची तारीख पुस्तकांच्या नोंदीइतक्याच काळजीने द्यावी. नको म्हणाली तर तसं नोंदवून गाव आणि तारीख ठेवावी. मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला पुस्तकांविषयी विचारतात तसं या यादीविषयीही विचारावं: ही माणसं कोण, त्यांना तुम्ही काय विचारलंत, आणि लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवलंत का.