सिएनांतील पेठांचें वैर

आपल्या पेठेचा अभिमान आम्हां मराठी वाचकांस नवा नाहीं. परंतु इटलींतील सिएना नगरांत तो अभिमान घोड्यावर बसतो. तेथें १७ पेठा आहेत. दरवर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशीं नगरचौकांत ‘पालिओ’ नांवाची शर्यत होते. एका वेळीं दहाच पेठा धांवतात. घोडा चिठ्ठीनें मिळतो, खोगीर नसतें आणि तीन फेऱ्या सुमारें दीड मिनिटांत संपतात.

ज्याच्या वांट्यास दुबळा घोडा आला, त्यानें स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं! आपणांस जिंकतां येत नसेल तर वैऱ्यास अडविणें, हें त्याचें कर्तव्य. त्यासाठीं गुप्त करार होतात, पैसा मोजला जातो, स्वार एकमेकांवर चाबूकही चालवितात. ‘मनोरा’ पेठ १९६१ नंतर थेट २००५ सालीं जिंकली. मधल्या ४४ वर्षांत ‘हंस’ या वैरी पेठेचे विजय तिला मुकाट्यानें पाहावे लागले. वैरी पेठांतील पतिपत्नीही त्या दिवसांत पुष्कळदां आपापल्या माहेरच्या पेठेंत राहावयास जातात.

मात्र शर्यत सरली कीं, तीं पुन्हां एका घरीं नांदतात. वैरालाही तिथि नेमून देणाऱ्या या नगराचें आम्हांस म्हणूनच कौतुक वाटतें.