परळचे उंदीर आणि ढाणकीचा खर्रा

दरवर्षी संपादक अंकासाठी विषय विचारतात आणि दरवर्षी मी उंदीर म्हणतो. यंदा त्यांनी ‘उंदीरच ना, सर?’ एवढंच म्हणून फोन ठेवला. हो, उंदीरच.

उंदरांवरच्या कॅन्सर-संशोधनाचा इतिहास सगळे डांबरापासून सुरू करतात, मीही उरकून घेतो. जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून 1915 मध्ये कॅन्सर उठवून दाखवला. तीनच वर्षांत सुत्सुईंनी तो उंदराच्या पाठीवर आणला. अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी 1909 पासून भावाबहिणींचे जोड लावत उंदरांचं शुद्ध वाण तयार केलं आणि 1929 मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी उभारली. हेच लिटल 1954 मध्ये सिगारेट कंपन्यांच्या संशोधन समितीवर शास्त्रीय प्रमुख म्हणून जाऊन बसले. उंदरांनी मिळवून दिलेलं नाव धुरात गेलं.

जमालगोट्याशी मात्र थांबायलाच हवं. बेरेनब्लूम यांनी 1941 च्या सुमारास काम केलं ते त्याच्याच तेलावर. कॅन्सर करणारं रसायन उंदराच्या पाठीला एकदाच, थोडंसं लावून सोडलं तर सहसा काही होत नाही. पण नंतर त्याच जागी आठवडेन्‌आठवडे जमालगोट्याचं तेल लावत राहिलं की गाठी उठतात. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग रसायन, तर उठत नाहीत. पेरणी एकदाची, खतपाणी रोजचं. वर्गात जमालगोट्याचं नाव निघालं की पोरं खो खो हसत आणि परीक्षेत नेमकं हेच उत्तर बरोबर लिहीत.

आता आमच्या मुंबईतल्या परळकडे वळतो. 1952 मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. कमल रणदिवे त्यांच्याच विद्यार्थिनी. पुण्याच्या समर्थांची मुलगी, हुजूरपागेत शिकलेली, 1949 ची मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. ज्या वाणात स्तनांचा कॅन्सर फार होतो आणि ज्यात कमी होतो, त्या माद्यांच्या स्तनग्रंथी खानोलकर आणि रणदिवे यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. हा रोग आईच्या दुधातूनही पिलांत उतरतो, हे अमेरिकेत बिटनर यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. पुढे त्या दुधात विषाणू सापडला. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायला शिकून रणदिवे बाई परत आल्या, परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा काढली आणि स्तनांच्या कॅन्सरला बळी पडणारं आपलं वाण तयार केलं. त्याला संस्थेचंच नाव, आयसीआरसी. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

वाण करणं म्हणजे काय, ते पिंजरा न धुतलेल्याला कळत नाही. भावाबहिणींचा जोड, वीस-एकवीस दिवसांनी पिलं, तीन आठवड्यांनी ती आईपासून वेगळी, मग पुन्हा जोड. अशा वीस पिढ्या. उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून जाळीवर ठेवायचा. तो पुढे ओढ घेतो, तेवढ्यात मानेमागची कातडी चिमटीत पकडायची. मी शिकवत होतो त्या कॉलेजात सहा पिंजरे होते. हरभऱ्याच्या बिलावरून ऑफिसशी वाद झाला आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत पिंजरे भंगारात गेले.

एका परिसंवादात एक विद्वान मला म्हणाले, ‘वाणांचे दिवस गेले, आता जनुक बदलून हवा तो उंदीर मिळतो.’ मिळतो की! हार्वर्डच्या उंदराला 1988 मध्ये पेटंट मिळालं, कॅन्सरला आवर घालणारं पी-53 जनुक काढलेला उंदीर 1992 मध्ये आला. त्यांचा मान त्यांना. उंदरात बरा झालेला कॅन्सर माणसात बरा होईलच असं नाही, हेही मान्य. पण आपल्या लोकांच्या गालात काय असतं, हा प्रश्न परदेशातला कोण आणि कशाला विचारणार?

तो परळनं विचारला. सुमती भिडे, गोठोसकर, रणदिवे आणि सहकाऱ्यांनी सुपारीचा अर्क उंदरांना पाजला आणि त्यांच्यात गाठी आढळल्या; तो निबंध 1979 चा. पुढे भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरीही तपासली. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं शिक्कामोर्तब केलं ते 2004 मध्ये. उंदरांनी पंचवीस वर्षं आधीच इशारा दिला होता.

आणि आमच्या ढाणकी गावात? ठेल्यावर पोरगा पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेतो आणि तळहातानं घोट घोट घोटतो; हा झाला खर्रा. परवा जमालगोट्यावर हसणारा माझा एक जुना विद्यार्थी तिथे भेटला. मला पाहून पुडी मुठीत लपवत म्हणाला, ‘सर, यात तंबाखू नाही हो. नुसती सुपारी.’ मी त्याला 1979 चं सांगायला लागलो. ऐकता ऐकता त्याला जांभई आली, पण तोंड जेमतेम बोटभर उघडलं; सुपारीचीच करणी. उमरखेडला जाऊन डॉक्टरांना दाखव म्हटलं, तर म्हणाला, सोयाबीन निघाल्यावर.

अंक बाजूला ठेवा. तीन बोटं जुळवून, उभी, समोरच्या दातांमधून आत घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टरांकडे जायला सोयाबीन निघेपर्यंत थांबू नका.