तिकिटावर न चाललेली गाडी

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातले रिचमंड हे चढउतारांचे शहर. तिथले चढ घोड्यांच्या ट्रामला दमवत. १८८८च्या फेब्रुवारीत फ्रँक स्प्रेग या माजी नौदल अधिकाऱ्याने तिथे विजेची ट्राम नियमित सुरू केली. वीजगृहातला प्रवाह रस्त्यावर टांगलेल्या तारेतून येई, टपावरच्या दांड्यातून डब्याखालच्या मोटरीत उतरे आणि रुळांवाटे परत जाई. स्प्रेगने मोटरीचे एक टोक आसावर आणि दुसरे स्प्रिंगवर टेकवले, त्यामुळे हादऱ्यांतही दातेरी चाकांची पकड सुटत नसे. बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी यांनी हे रिचमंडला येऊन पाहिले आणि आपल्या शहरासाठी वीज निवडली. मग शहरामागून शहरांनी घोडे सोडले.

रूळ लवकरच वेशीबाहेर पडले. १८९३ मध्ये ओरेगॉनमध्ये पोर्टलंड ते ओरेगॉन सिटी हा मार्ग सुरू झाला. अशा गावोगाव जोडणाऱ्या विजेच्या गाड्यांना ‘इंटरअर्बन’ हे नाव मिळाले. १९१६च्या सुमारास त्यांचे जाळे १५ हजार मैलांवर पोहोचले. सर्वांत दाट विणकाम ओहायो आणि इंडियाना या शेतीप्रधान राज्यांत होते. वाफेची गाडी दिवसातून मोजक्या वेळा येई, ही बहुधा तासातासाला. भाडे कमी, थांबे शेताच्या बांधाजवळ. दूध, वर्तमानपत्रे, बाजाराला निघालेली कुटुंबे, शाळेची मुले असे सगळे तिच्यात चढे. इंडियानापोलिसला १९०४ मध्ये या गाड्यांसाठी नऊ रुळांचे भव्य स्थानक उभे राहिले. खेड्यातल्या माणसाला सकाळी शहरात जाऊन कामे उरकून संध्याकाळी घरी परतता येऊ लागले, हे तिचे सर्वांत मोठे देणे.

पण ही गाडी केवळ तिकिटाच्या पैशावर क्वचितच तगली. लॉस एंजेलिसमध्ये हेन्री हंटिंग्टन यांनी १९०१ मध्ये ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ स्थापन केली. तिच्या लाल गाड्यांचे रूळ पुढे सुमारे हजार मैलांवर गेले. हंटिंग्टन यांचा खरा नफा जमिनीत होता: माळरान घ्यायचे, तिथवर रूळ न्यायचे आणि भूखंड विकायचे. पिट्सबर्गजवळ ट्राम कंपनीने १८९८ मध्ये ‘केनीवूड’ हे सहलीचे उद्यान काढले, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही गाड्या भरतील. अनेक कंपन्या आपल्या वीजगृहातली वीज वाटेवरच्या गावांना विकत. जमीन, करमणूक आणि वीज यांच्या कमाईने रूळ तोलून धरले होते.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १९०४ मध्ये त्याच रिचमंडमध्ये ट्राम कंपनीने काळ्या उतारूंना वेगळे बसवण्याचा नियम केला. संपादक जॉन मिचेल आणि मॅगी वॉकर यांच्या आवाहनावरून काळ्या समाजाने बहिष्कार पुकारला आणि लोक महिनोन्‌महिने पायी चालले. कर्जात बुडालेली ती कंपनी त्याच वर्षी न्यायालयनियुक्त प्रशासकाच्या हाती गेली. १९०६च्या कायद्याने मात्र तोच भेद सक्तीचा केला. ट्रामचा गौरव करताना हे पायी चाललेले लोक विसरता कामा नयेत.

ऱ्हासाची कारणे अनेक होती. बहुतेक शहरांच्या करारात पाच सेंटचे भाडे बांधलेले होते. पहिल्या महायुद्धात खर्च भडकला, भाडे वाढवायला परवानगी मिळता मिळत नव्हती. रुळांमधल्या रस्त्याची फरसबंदी कंपनीनेच करायची आणि त्यावरून प्रतिस्पर्धी मोटारी फुकट धावायच्या, असा तो करार. फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली, सरकारी पैशाने रस्ते झाले, पाठोपाठ महामंदी आली. १९३५च्या संघीय कायद्याने वीज कंपन्यांच्या मोठ्या साखळ्या मोडल्या आणि कित्येक ट्राम कंपन्यांचा वीजधंद्याशी असलेला धागा तुटला. जनरल मोटर्सच्या कटाने ट्राम मारली, ही कथा लोकप्रिय आहे. १९४९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात ती कंपनी आणि तिचे साथीदार बस व इतर माल विकण्याच्या मक्तेदारीबद्दल दोषी ठरले. वाहतूक काबीज करण्याच्या आरोपातून मात्र ते सुटले. आधीच दुबळ्या झालेल्या व्यवस्थेला तो आणखी एक धक्का होता. लाँग बीचची शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये गेली, शिकागो-मिलवॉकीची ‘नॉर्थ शोअर’ जानेवारी १९६३ मध्ये.

मुंबईची गोष्ट याच कुळातली. १८७४ मध्ये कुलाबा-पायधुणी मार्गावर घोड्यांची ट्राम आणण्यात स्टर्न्स अँड किटरेज या अमेरिकी पेढीचा हात होता. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि ट्राम व वीजपुरवठा एकाच कंपनीच्या हाती राहिले. १९४७ मध्ये ती ‘बेस्ट’ कंपनी महापालिकेची झाली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर-दादर ही शेवटची ट्राम धावली. पुढेही अनेक वर्षे बेस्टच्या वीज विभागाच्या शिलकीतून बसची तूट भरून निघत असे.

आज न्यू ऑर्लिन्सची सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम आणि शिकागोची ‘साउथ शोअर’ ही इंटरअर्बन चालू आहेत. लॉस एंजेलिसने १९९० मध्ये लाँग बीचकडे पुन्हा विजेची गाडी नेली, ती बऱ्याच अंशी जुन्या लाल गाडीच्याच वाटेने. एकदा उखडलेले पुन्हा घालायला किती पैसा लागतो, हे त्या शहराला कळले. आपल्या शहरांत बसचा तोटा मोजला जातो, पण मेट्रोच्या स्थानकाभोवती जमिनीला चढलेला भाव त्याच वहीत मांडला जात नाही. तो भाव गाडीने निर्माण केला आहे. त्यातला न्याय्य वाटा गाडीला मिळाला पाहिजे आणि तो मागण्याचा हक्क रोज तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा आहे.