अठरा-सी म्हणजे काय रे भाऊ?



३१ ऑगस्ट २०२५ रोजी 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या नावाने मेलबर्न, सिडनी आणि इतर मोठ्या शहरांत मोर्चे निघाले. त्याआधी फिरलेल्या एका पत्रकात थेट आपलं, म्हणजे भारतीयांचं, नाव होतं. शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय गेल्या पाच वर्षांत आले, असा त्याचा सूर होता. व्हॉट्सअ‍ॅपवर ते पत्रक आलं की त्याखाली हमखास एक प्रश्न यायचा: "अरे, या देशात असल्या प्रकाराविरुद्ध काही कायदा आहे की नाही?"

कायदा आहे, आणि चांगला पन्नास वर्षांचा आहे. त्यातल्या 'अठरा-सी' या एका कलमावरून इथले राजकीय पक्ष, वर्तमानपत्रं आणि वकील गेली दीड दशकं एकमेकांच्या उरावर बसले आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र हे नाव बातम्यांत कानावरून गेलेलं, एवढंच. आम्ही पेशाने वकील नाही, सॉफ्टवेअरवाले. पण आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेली स्पेसिफिकेशन्स वाचण्यात गेलंय, म्हणून म्हटलं मूळ कलमच वाचून बघावं. अर्ध्या पानाचंच तर आहे!

आधी थोडा इतिहास. 'रेशियल डिस्क्रिमिनेशन अ‍ॅक्ट' हा कायदा १९७५ साली गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने केला. नोकरी, घर, दुकान, हॉटेल अशा ठिकाणी वंशावरून भेदभाव करता येणार नाही, हा त्याचा गाभा. द्वेषपूर्ण बोलण्याबद्दलचा भाग त्यात नंतर, १९९५ साली, पॉल कीटिंग यांच्या काळात घातला गेला. त्या वेळच्या मूळ विधेयकात काही फौजदारी कलमंही होती, म्हणजे तुरुंगाची तरतूद. सिनेटने ती काढून टाकली आणि फक्त दिवाणी भाग मंजूर केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कलम. एखादी कृती (बोलणं, लिहिणं, चित्र, हावभाव, काहीही) बेकायदेशीर ठरायला तीन अटी आहेत. ती खाजगीत केलेली नसावी. ती समोरच्या व्यक्तीचं किंवा गटाचं मन दुखावणारी, अपमान करणारी, मानहानी करणारी किंवा धाक घालणारी ठरण्याची वाजवी शक्यता असावी. आणि ती त्या माणसाच्या वंशामुळे, रंगामुळे किंवा राष्ट्रीय अथवा वांशिक मुळामुळे केलेली असावी. आमच्या भाषेत सांगायचं तर या तिन्ही अटी 'अँड'ने जोडलेल्या आहेत. पण मधल्या अटीतले ते चार शब्द 'ऑर'ने जोडलेले आहेत आणि सगळं महाभारत त्या 'ऑर'मुळे घडलंय.

त्याच्या पाठोपाठ येतं अठरा-डी. हे आपलं 'एक्सेप्शन हँडलिंग'! कला, संशोधन, सार्वजनिक हिताची चर्चा, बातमीचं अचूक वृत्त, मनापासून केलेली रास्त टीका हे सगळं वाजवीपणे आणि सद्भावनेने केलं असेल तर सूट. अठरा-सीवर जे तावातावाने बोलतात त्यातले बरेच जण अठरा-डीपर्यंत पोहोचतच नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

यादीत काय नाही तेही बघा. धर्म नाही. ज्यू आणि शीख हे वांशिक समूह मानले जातात, त्यामुळे त्यांना संरक्षण मिळतं. पण उद्या कोणी गणपतीची टिंगल केली तर हे कलम कामाचं नाही. व्हिक्टोरियात २००१ पासून धर्माचा समावेश असलेला वेगळा राज्य कायदा होता, आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेने त्यापेक्षा व्यापक कायदा मंजूर केला. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं आहे. आणि हो, अठरा-सीच्या यादीत 'जात' हा शब्दही नाही.

आता आपली खरी अडचण. आपण ज्या देशातून आलो तिथे असा कायदा म्हटला की पोलीस स्टेशन डोळ्यांसमोर येतं. कलम १५३अ, २९५अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९) म्हणजे एफआयआर, अटक, बंदी. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचं प्रकरण आठवतंय ना? जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, दुर्मिळ ग्रंथ आणि पोथ्यांची नासधूस झाली. लेखक-प्रकाशकांवर १५३अ खाली गुन्हा दाखल झाला, सरकारने पुस्तकावर बंदी घातली. २००७ साली सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द केला, २०१० साली बंदीही टिकली नाही. पुस्तक कसं होतं हा वाद बाजूला ठेवू. पण भावना दुखावल्या की राज्यसत्तेने दंडुका काढायचा, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

अठरा-सीमध्ये दंडुका नाही. तो गुन्हाच नाही. पोलीस येत नाहीत, रेकॉर्डवर डाग लागत नाही. तक्रार जाते ती ऑस्ट्रेलियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे, लेखी आणि विनामूल्य. कमिशन निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतं. माफीनामा, मजकूर काढून टाकणं, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, कधी भरपाई, असं काहीतरी ठरतं. समेट झालाच नाही तर फेडरल कोर्टाचा रस्ता.

मग एवढ्या मवाळ कायद्यावरून एवढा गदारोळ का? त्याला कारण अँड्र्यू बोल्ट. 'हेरल्ड सन'चे हे स्तंभलेखक. २००९ मध्ये त्यांनी दोन लेख लिहिले, की काही गोऱ्या दिसणाऱ्या व्यक्ती सोयीसाठी स्वतःला अ‍ॅबोरिजिनल म्हणवतात. नऊ जणांच्या वतीने दावा झाला आणि सप्टेंबर २०११ मध्ये न्यायमूर्ती ब्रॉमबर्ग यांनी बोल्ट यांच्याविरुद्ध निकाल दिला. अठरा-डीची सूट का मिळाली नाही, तर लेखांत तथ्यांच्या चुका होत्या आणि भाषा चिथावणीची होती. शिक्षा काय? वर्तमानपत्रात निकालाची नोंद छापायची आणि ते लेख त्या स्वरूपात पुन्हा छापायचे नाहीत. भरपाई मागितलेलीच नव्हती. पण एका बड्या स्तंभलेखकाला कोर्टाने अडवलं म्हटल्यावर देशाचे दोन तट पडले.

२०१४ मध्ये टोनी अ‍ॅबट सरकारने कलम बदलायला घेतलं. सिनेटमध्ये नोव्हा पेरिस या अ‍ॅबोरिजिनल सिनेटर प्रश्न विचारत होत्या, त्यांना अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस यांनी उत्तर दिलं की लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचा हक्क आहे. कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्यात चूक काही नसेलही. पण कोणाला उत्तर देतोय याचं भान नसलं की काय होतं ते दिसलं. अ‍ॅबोरिजिनल, ज्यू, अरब, ग्रीक, आर्मेनियन, चिनी अशा संघटना एका बाजूला उभ्या राहिल्या (ज्यू आणि अरब संघटना एकाच बाजूला, हेही नसे थोडके!). ऑगस्टमध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. २०१७ मध्ये माल्कम टर्नबुल यांनी पुन्हा प्रयत्न केला, 'दुखावणं, अपमान, मानहानी' काढून तिथे 'छळ' घालायचा. घोषणेचा मुहूर्त कोणता, तर २१ मार्च, हार्मनी डे! महिनाअखेरीस सिनेटने ३१ विरुद्ध २८ मतांनी ते फेटाळलं.

बदल मागणारे सगळे वंशवादी होते असं समजून चालणार नाही. न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्य न्यायाधीश जेम्स स्पिगेलमन यांनी २०१२ मध्येच म्हटलं होतं की नुसतं मन दुखावणं बेकायदेशीर ठरवणं हे अतीच होतं. क्वीन्सलँडच्या एका विद्यापीठातलं प्रकरणही त्यांच्या बाजूने बोलतं. २०१३ मध्ये अ‍ॅबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेल्या कॉम्प्युटर लॅबमधून काही विद्यार्थ्यांना बाहेर जायला सांगितलं, त्यांनी फेसबुकवर तिरकस शेरे लिहिले, आणि तक्रार झाली. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाने दावा काढून टाकला. पण तोपर्यंत काहींनी पैसे भरून प्रकरण मिटवलं होतं, बाकीच्यांच्या डोक्यावर ती तलवार लटकतच होती. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना ती टांगती तलवार हीच शिक्षा. २०१७ मध्ये शब्द बदलले नाहीत तरी प्रक्रिया सुधारली, आणि तकलादू तक्रारी आता लवकर निकाली काढता येतात. हे चांगलं झालं.

आमचं मत विचाराल तर शब्द आहेत तसे राहू द्यावेत. कारण कागदावर 'मन दुखावणं' असलं तरी कोर्टं ते तसं वाचत नाहीत. २००१ मध्येच न्यायमूर्ती कीफेल यांनी स्पष्ट केलं की परिणाम गंभीर आणि खोलवर असायला हवा, किरकोळ टोमणे यात बसत नाहीत. डॉक्युमेंटेशन एक सांगतं आणि चालणारा कोड त्याहून कडक आहे, असं आमच्या धंद्यात रोज होतं. विरोधक डॉक्युमेंट वाचून घाबरतात. ते कोडशी जुळवून घ्या म्हणणं योग्यच आहे. पण दोन्ही वेळा दुरुस्तीच्या नावाखाली फंक्शनच कापायला घेतलं होतं.

हा कायदा आपल्या किती जवळचा आहे ते २०२४ च्या एका निकालात दिसतं. मेहरीन फारुकी या लाहोरहून आलेल्या सिव्हिल इंजिनिअर, आता सिनेटर. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्यावर त्यांनी ब्रिटिश साम्राज्यावर टीका केली. पॉलीन हॅन्सन यांनी ट्विटरवर त्यांना सामान बांधून पाकिस्तानात परत चालतं होण्यास सांगितलं, अर्थात याहून असभ्य शब्दांत. न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हे अठरा-सीचं उल्लंघन ठरवलं. हॅन्सन यांनी त्यावर अपील केलं. पण 'जिथून आलास तिथे परत जा' हे वाक्य आपल्या मुलांनी शाळेत, ट्रॅममध्ये, फूटीच्या मैदानावर ऐकलेलं असतं. त्या वाक्याला वंशवादी म्हणायचं की नाही, यावर एका न्यायाधीशाने पानंच्या पानं खर्च केली, हे त्यांना सांगण्यासारखं आहे.

मग ते पत्रक? आम्हाला वाटतं ते बहुधा या कलमात अडकणार नाही. स्थलांतराचे आकडे किती असावेत हा राजकीय वाद आहे, आणि तो घालायचा हक्क सगळ्यांना आहे, आपल्याला न आवडणाऱ्यांनासुद्धा. त्याच सुमारास सिनेटर जॅसिंटा प्राइस यांनी लेबर पक्ष मतांसाठी भारतीयांना आणतो अशा अर्थाचं विधान केलं. त्या माफी मागायला आणि पक्षनेत्यावर विश्वास दाखवायला तयार झाल्या नाहीत. तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुसान ली यांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि भारतीय समाजाची माफी मागितली. एकही तक्रार कोर्टात न जाता, आठवड्याभरात! मतदार यादीत आपली नावं असण्याचा हा परिणाम.

आणि मारहाण झाली तर? तिथे अठरा-सी नाहीच, तिथे पोलीस. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ३१ मेला हजारो मुलं फ्लिंडर्स स्ट्रीटवर उतरली. तेव्हा सगळी चर्चा 'हे वंशवादी की संधीसाधू चोर' यातच अडकली. रात्रपाळी करून शेवटच्या ट्रेनने एकट्याने घरी जाणाऱ्या मुलाला त्या फरकाचा काय उपयोग होता? त्याच वर्षी व्हिक्टोरियाने कायदा बदलला, गुन्ह्यामागे द्वेष असेल तर शिक्षा ठरवताना कोर्टाने तो विचारात घ्यायचा. मोर्चाचं हे फळ फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता जरा नावडता विषय. ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्या वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून प्रेक्षक माकडाचे हावभाव करत होते, पोलिसांनी काहींना स्टेडियमबाहेर काढलं. जानेवारीत सिडनीला हरभजनचं प्रकरण झालं. पुराव्याअभावी वंशवादाचा ठपका पुसला गेला, आपण सुटकेचा निःश्वास टाकला, आणि वानखेडे विसरून गेलो. आजही आपल्या पार्ट्यांमध्ये 'चपटे', 'कल्लू' वगैरे शब्द हसत हसत येतात. घरात बोललात तर कायदा विचारणार नाही, ते 'खाजगी'. पण मंडळाचं सर्वांना खुलं असलेलं फेसबुक पान खाजगी नाही, तिथल्या विनोदाला हेच कलम लागू होतं.

शेवटी कामाचं. ऑफिसात किंवा घर भाड्याने घेताना त्रास झाला तर अठरा-सी शोधत बसू नका, त्याच कायद्यातली भेदभावाची कलमं जास्त उपयोगी. ट्रॅममधल्या अनोळखी माणसाविरुद्ध कमिशनकडे जाऊन फारसं काही होत नाही, कारण नोटीस पाठवायची कोणाला? धमकी असेल तर सरळ पोलिसांना फोन करा. लेखी मजकूर असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट लगेच घेऊन ठेवा, रागाच्या भरात उत्तर टाकण्याआधी. प्रकरण कोर्टात गेलं आणि हरलात, तरी २०२४ च्या दुरुस्तीनंतर समोरच्याचा खर्च सहसा तुमच्या माथी येत नाही. आणि कमिशनकडची तक्रार इंग्रजीतच हवी असं नाही, कोणत्याही भाषेत चालते. आई-बाबा इथे आलेले असताना त्यांच्या बाबतीत काही घडलं, तर त्यांना ती मराठीत लिहिता येईल.