खोल बैठक, जड वजन आणि गुडघ्याची भीती

भोर-वेल्ह्याकडची पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली गोळाफेक आणि धावण्यासाठी पाय कमवायचे म्हणून बारबेल खांद्यावर घेतात. तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर तीन सूचना पडतात: पूर्ण खाली बसू नको, गुडघा बोटांच्या पुढे नेऊ नको, कंबरेला पट्टा बांध. सांगणारा काळजीपोटीच सांगत असतो. पण या तिन्ही सूचनांमध्ये धोक्याची जागा चुकलेली आहे. निरोगी सांध्याला खोल बसण्याने इजा होत नाही, गुडघा पुढे गेल्यानेही होत नाही. इजा होते ती शरीर तयार होण्याआधी वाढवलेल्या वजनाने आणि त्या वजनाखाली ताबा सुटल्याने. भीती चुकीच्या ठिकाणी असली की माणूस तिथे जपतो आणि जिथे जपायला हवे तिथे बेफिकीर राहतो. म्हणून हे नीट तपासून पाहायला हवे.

खोल स्क्वॉटची भीती आली कुठून? टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन या अभ्यासकाने 1961 साली असे मांडले की खोल बैठका मारणाऱ्या वेटलिफ्टरांच्या गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात. हे मत शाळा, सैन्य आणि व्यायामशाळांमधून जगभर पसरले आणि इतके रुजले की त्याचा उगमही लोक विसरले. नंतरच्या तपासण्यांत मात्र ते टिकले नाही. 1989 मध्ये चँडलर आणि सहकाऱ्यांनी आठ आठवडे स्क्वॉट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुडघे तपासले, शिवाय मुरलेल्या पॉवरलिफ्टर व वेटलिफ्टरांचेही तपासले. अर्धी बैठक असो वा पूर्ण, सांधा सैल झाल्याचे दिसले नाही. पॉवरलिफ्टरांचे गुडघे तर एका चाचणीत इतरांपेक्षा घट्टच निघाले. याचे कारण सांध्याच्या रचनेत आहे. गुडघ्यातल्या पुढच्या क्रूसबंधावरचा ताण बैठकीच्या सुरुवातीला, गुडघा थोडासा वाकलेला असतानाच, सर्वांत जास्त असतो आणि पुढे उतरत जातो. वाटीवरचा दाब वाढत वाढत साधारण काटकोनापर्यंत जातो. त्याखाली मांडीच्या स्नायूची शीर स्वतः हाडाला टेकते आणि भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. म्हणजे 'काटकोनातच थांब' असे सांगणारा माणूस नेमका वाटीवर जास्त दाब असलेल्या जागी थांबून उलट फिरायला सांगत असतो. त्यात अर्ध्या बैठकीत माणूस पूर्ण बैठकीपेक्षा बरेच जास्त वजन पेलतो, म्हणून हौसेने तेवढे चढवतो, आणि तो सगळा बोजा मणक्यावर येतो. 2013 मध्ये हार्टमान आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेताना हाच मुद्दा ठळकपणे मांडला.

लांब कशाला, पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने मे 2022 मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑन येथे कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत 45 किलो गटात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. स्नॅचमध्ये 70 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 83, एकूण 153 किलो. युरियाची गोणी हल्ली 45 किलोची येते; म्हणजे एका गोणीएवढ्या वजनाच्या मुलीने जवळजवळ दोन गोण्या डोक्यावर तोलल्या. हे वजन पकडण्याची जागा म्हणजे पार खालची, मांड्या पोटऱ्यांना टेकलेली बैठक. ती जागा भक्कम असल्याशिवाय या खेळात पाऊलही टाकता येत नाही. अर्थात एका विजेतीवरून नियम निघत नाही. पण 'खोल बैठकीत गुडघा टिकतच नाही' हे विधान मात्र मागे घ्यावे लागते.

गुडघा बोटांच्या पुढे जाऊ नये, या सूचनेची परीक्षा 2003 साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी घेतली. सरावलेल्या सात पुरुषांना त्यांनी स्वतःच्या शरीराच्या वजनाइतका भार देऊन दोन प्रकारे बसवले: एकदा मोकळे, आणि एकदा पायापुढे फळी लावून गुडघे अडवून. अडवल्यावर गुडघ्यावरचा आघूर्ण, म्हणजे सांध्याला वळवणारा जोर, सुमारे 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर आला, थोडासा कमी झाला. पण खुब्यावरचा 28 वरून 303 वर गेला, दहा पटींहून जास्त, आणि धड पुढे झुकले. गुडघ्याचा थोडा भार वाचवण्यासाठी कंबर आणि खुबा यांना असे वेठीला धरणे हा व्यवहार शहाणपणाचा नाही. राजगडाच्या पाली दरवाज्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचा मागचा गुडघा प्रत्येक पायरीला बोटांच्या पुढे जातोच. तो अडवला तर उतरताच येणार नाही. किती पुढे जायचा हे मांडीच्या लांबीवर आणि घोट्याच्या लवचिकतेवर ठरते. लांब मांडीच्या माणसाचा जास्त जाईल, त्याला तसे जाऊ द्यावे. पाहायचे ते एवढेच की गुडघा पायाच्या दिशेने जातो आहे, आत कोसळत नाही, आणि टाच जमिनीवर आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गावाकडच्या कितीतरी वयस्कर बायकांचे गुडघे गेलेले असतात, आणि त्यांचा जन्म उकिडवे बसण्यात गेलेला असतो; मग खोल बसणे निर्धोक कसे? या निरीक्षणाला पुरावाही आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीजिंगमधल्या अभ्यासात, तरुणपणी दिवसाला तीन तासांहून जास्त उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. पण तास पाहा. वर्षानुवर्षे रोज तीन तास हालचालीविना त्याच जागी दाबून बसणे वेगळे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटे, मध्ये विश्रांती घेऊन, बसणे-उठणे वेगळे. अभ्यासाने पहिल्याबद्दल सांगितले आहे. उलट बाजूनेही चूक होते. 'आम्ही लहानपणापासून उकिडवे बसतो, आम्हाला काय शिकवता' असे म्हणणाऱ्याकडे लवचिकता असते, भार सहन करण्याची तयारी असेलच असे नाही. तालमीत पाचशे बैठका मारणाऱ्याचा दम मोठा असतो, पण त्या बैठकीत टाचा उचललेल्या असतात आणि पाठीवर लोखंड नसते. त्या सवयीने टाचा उचलून बारबेल घेतला की तोल पुढे जातो. त्यामुळे बारबेल उचलताना कसलेल्या पैलवानानेही नवख्यासारखी सुरुवात करावी.

पट्ट्याबद्दलचा समज सर्वांत घातक, कारण तो आत्मविश्वास देतो. पट्टा मणक्याला बाहेरून धरून ठेवत नाही. श्वास भरून पोट चहूबाजूंनी ताठ केले की आतला दाब कण्याला आधार देतो. पट्टा त्या पोटाला दाबायला काहीतरी देतो, एवढेच. ज्याला पोट ताठ करता येत नाही त्याला पट्टा काहीच देत नाही. भात लावणीत बाया चिखलात तासन्तास वाकलेल्या असतात, म्हणून 'आमची पाठ वाकायला सरावलेली आहे' असेही म्हटले जाते. पण त्या पाठीवर रोपांच्या जुडीएवढाच भार असतो. शंभर किलोखाली तळाशी कंबर गोल होणे ही वेगळी गोष्ट आहे. श्वास रोखण्याचीही किंमत आहे. 1985 मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब धमनीतून मोजला, तेव्हा जड लेग प्रेस करताना तो सरासरी 320/250 पर्यंत चढला होता. निरोगी तरुण हे क्षणभर पेलतो. रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, हर्निया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाखाली जाऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती. रॅकमधला बार छातीच्या वरच्या भागाइतक्या उंचीवर हवा, म्हणजे टाचा न उचलता काढता येतो. तो मानेच्या मणक्यावर ठेवायचा नाही. खांद्याची पाती मागे ओढली की मानेखाली मांसाची गादी तयार होते, तिच्यावर ठेवायचा. मग दोन-तीन छोटी पावले मागे. पाय खांद्याइतके, चवडे किंचित बाहेर. श्वास पोटात भरायचा, पोट ताठ, मग खाली. बाजूने पाहिले तर बार सबंध वेळ पावलाच्या मध्यावर राहिला पाहिजे. बोटांकडे सरकला की वजन जड आहे किंवा लक्ष सुटले आहे. कंबर जिथे गोल व्हायला लागते त्याच्या वर तुमची आजची खोली संपते. घोटे आणि खुबे मोकळे झाले की ती वाढेल. मऊ तळाचे धावण्याचे बूट नकोत, कडक सपाट तळ बरा. आणि ज्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे रॅकचे आडवे सुरक्षा दांडे. तुमच्या सर्वांत खालच्या जागेहून बोटभर खाली ते लावलेले असले तर उठता आले नाही तरी बार त्यांच्यावर टेकवून बाहेर निघता येते. ज्या जिममध्ये ते दांडे नाहीत तिथे एकट्याने जड वजन घेऊ नये, आणि मदतीला उभ्या राहणाऱ्यालाही कधी आणि कुठून धरायचे हे आधी सांगून ठेवावे.

वजन वाढवण्याचा वेग हाच शेवटी खरा प्रश्न. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण शिरा आणि अस्थिबंध महिन्यांनी. म्हणून ताकद आली असे वाटत असतानाच गुडघ्याखालची शीर दुखायला लागते. नुसत्या 20 किलोच्या बारने सुरू करावे, एका वेळी अडीच ते पाच किलो वाढवावे, प्रत्येक फेरीत आणखी दोनदा उठता येईल अशा ठिकाणी थांबावे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणे नेहमीचे. सांध्यात टोचणे, सूज, किंवा पाठीतून पायात उतरणारी कळ नेहमीची नाही. भोर-वेल्ह्यात याला आणखी एक हिशेब जोडावा लागतो. आषाढात घरच्या खाचरात चिखलणी-लावणीला जुंपलेल्या मुलाचे पाय आणि कंबर दिवसभर राबलेली असतात. तेवढे पंधरवडे वजन निम्म्यावर आणावे किंवा सरळ विश्रांती घ्यावी, आणि लावणी उरकल्यावर जिथे सोडले तिथून नव्हे, तर त्याच्या दोन-तृतीयांशावरून पुन्हा चढत जावे.